एकगठ्ठा माफी

योम किप्पूर म्हणजे आम्हा ज्यू लोकांचा वर्षातला सगळ्यात कडक उपास. सूर्य मावळला की दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत पाणीसुद्धा नाही. शिवाय माणसांशी जे काही चुकलं असेल, त्याची माफी उपासाआधी त्या त्या माणसाकडेच मागावी लागते. त्यासाठी माझे वडील आधी स्वयंपाकघरात डोकावायचे, मग धुतलेला सदरा चढवून दारोदार फिरायचे. बिचाऱ्यांकडे मोबाइल नव्हता!

मी चहा गार व्हायच्या आत उरकलं. 'कळत-नकळत माझ्या हातून काही चुकलं असेल, तर मोठ्या मनाने माफ करा.' फोनमधली सगळी नावं निवडली. बायकोचं वगळलं, ती काय, घरातच होती.

तिने उपासाआधीचं जेवण वाढलं. "सूर्य मावळायच्या आत पोटभर जेवा. उद्या डोकं दुखतं म्हणून घर डोक्यावर घ्याल."

पहिला घास उचलला आणि फोन वाजला. सासूबाई.

"जावईबापू, खरं सांगा, माझ्या मुलीला काय केलंत?"

"काहीच नाही हो."

"मग माफी कशाची? थांबा, मी येतेच."

दुसरा घास उचलला, तर खालच्या मजल्यावरचे शेजारी. मेसेज वाचून ते बॅटरी घेऊन स्वतःच्या गाडीभोवती फिरले होते आणि त्यांना एक ओरखडा सापडला होता.

"मी उगाच गॅरेजवाल्याला शिव्या देत होतो. तुम्ही होय!"

"शपथेवर सांगतो, मी नाही."

"मग माफी का मागितलीत?"

तेवढ्यात साहेब. त्यांनी सगळ्या ऑफिसला माझ्या फायली तपासायला बसवलं होतं.

"उद्या रजा आहे ना तुमची? कुठे पळताय?"

त्यांना योम किप्पूर पहिल्यापासून समजावून सांगितला. फोन ठेवला तेव्हा खिडकीबाहेर अंधार होता आणि टेबल पुसलेलं होतं.

"अगं, माझं ताट?"

"सूर्य मावळला."

"निदान तू तरी चिडू नकोस."

"मी कशाला चिडू? मला तर मेसेजच आला नाही."

"तुझं मी काय वाकडं केलंय?" मी अगदी मनापासून विचारलं.

सासूबाई बॅग घेऊन दारातच उभ्या होत्या. बायकोने त्यांना खुर्ची दिली.

"बस आई. उद्या चांदण्या दिसेपर्यंत वेळ आहे, सुरुवातीपासून सांगते."

वडील दारोदार निघण्याआधी स्वयंपाकघरात का डोकावायचे, ते मला तेव्हा कळलं.