काकांची दाढ आणि सुजेचा आकडा

"नळी चोंदली की साफ करायची, विषय संपला!" तीस वर्षं पाइप जोडणाऱ्या प्लंबरकाकांचं स्वतःच्या हृदयाबद्दल एवढंच म्हणणं होतं.

"काका, रक्तवाहिनी म्हणजे पाइप नव्हे," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "तिची भिंत जिवंत असते, आतून सुजते. शरीरात कुठं जंतू ठाण मांडून बसले, तर तेही त्या सुजेत भर घालत असावेत. नक्की ठाऊक नाही अजून. पण तुमच्या रक्तातला सुजेचा आकडा फारच चढलाय. कुठं काही दुखतंय?"

"छे! ठणठणीत!"

"मग आकडा उतरेपर्यंत काम बंद."

कामाशिवाय घरात बसणं काकांना शिक्षाच होती. पण डावीकडची दाढ ठणकतेय हे सांगायचं कुठल्या तोंडानं? सहाव्या मजल्यावर पाइपाला लोंबकळणारा हा गडी दातांच्या डॉक्टरची खुर्ची दिसली की चळाचळा कापायचा.

काकूंनी आधी तळणावर संशय घेतला. कढई कपाटात गेली, आकडा हलेना. मग शेजाऱ्यांना दम भरला, "यांना काही खायला द्याल तर याद राखा!" आकडा आणखी वर. काका उकडलेल्या भाज्या एकाच बाजूनं चघळत राहिले, पण ब्र काढला नाही.

एका सकाळी स्वयंपाकघरातला नळ गळू लागला. काका खुलले. नळ उतरवला, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली आणि कात्रीनं कापली.

"तोंड उघडा," काकू म्हणाल्या.

"का गं?"

"टेप दातानं तोडू नका म्हणून तीस वर्षं ओरडतेय. आजच कात्री कशी आठवली?"

डॉक्टरीणबाईंना विचारून काकूंनी त्याच दुपारी काकांना त्या खुर्चीत बसवलं. दाढेखाली पू निघाला. दाढ गेली आणि महिनाभरात आकडा उतरला.

"सगळं खापर दाढेवर फोडू नका, हृदयाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "पण काकू, मला नाही सापडलं ते तुम्ही शोधलंत. कमाल आहे! काका, उद्यापासून कामावर जा. फक्त एकट्यानं नको."

"नशीब बघ, नेमका तेव्हाच नळ गळला," वाटेत काका म्हणाले.

"नशीब कसलं? तुमचं एका बाजूनं चावणं दिसत होतं मला. विचारलं असतं तर कबूल केलं असतंत? मीच सैल केला नळ."

काका जागीच थांबले. "तू? अगं, नळावर ओरखडासुद्धा नव्हता! पान्याखाली काय धरलंस?"

"फडकं."

एवढं साधं फडकं धरायला शिकवताना काकांच्या हाताखालून चार मदतनीस पळाले होते. ते बायकोकडे नव्यानं बघत राहिले.

"उद्या आठला तयार राहा," शेवटी ते अदबीनं म्हणाले. "पाना तू धर. मी नुसता बघतो."