पत्रिका न जुळलेल्या चार डिस्क

लोक पत्रिका जुळावी म्हणून धडपडतात. आमच्या गोंडपिपरीचे फोटोवाले मारोतभाऊ हार्ड डिस्क घेताना ती जुळू नये म्हणून जिवाचं रान करायचे. चंद्रपूरच्या दुकानात डिस्क समोर आली की आधी उलटी करायची, लेबलावरची तारीख वाचायची आणि खिशातल्या चिठ्ठीशी ताडून पाहायची.

"हे मार्चची हाय. माह्याकडं मार्चची एक हाय. दुसरी दाखव."

"काका, सगळ्या सारख्याच असतात," दुकानदार म्हणायचा.

"तेच तं नाई पायजे. एका घाण्याच्या डिस्का संगच मरतेत."

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवायचो, म्हणून या खरेदीला माझी सोबत ठरलेली. जास्त वेगाची डिस्क भाऊंना चालत नसे. "पळणारी नको मास्तर, थंड डोक्याची पायजे." घरी एका जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यात चार वेगवेगळ्या महिन्यांत बनलेल्या चार डिस्क बसवून त्यांनी शेजारच्या स्टुडिओपर्यंत वायर ओढली होती. एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा माल परत भरता येतो, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला फोटोआधी समजावून सांगत. गिऱ्हाईक बावचळून बसे. फोटोही तसाच येई.

एका मे महिन्यात खरंच एक डिस्क गेली. नवी बसवली, माल भरायला लागला. तेवढ्यात दुसरी गेली असती किंवा लाईटनं दगा दिला असता, तर सगळेच फोटो गेले असते. भाऊंनी स्टुडिओ बंद केला, टेबल फॅन डब्याकडे वळवला आणि स्वतः घामानं निथळत बसून राहिले. मधूनच डब्याला हाताची मागची बाजू लावून ताप बघायचे.

डिस्कवर काय आहे ते मी उघडून पाहिलं, तर हजारो पासपोर्ट फोटो. म्हटलं, "भाऊ, चेहरे तेवढे कापून ठेवा. सगळं एका डिस्कमध्ये मावेल."

भाऊ माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "कापाचं नाई. पुरा फोटो पायजे."

त्यांनी एक फोटो उघडला. कुठल्याशा खेड्यातला म्हातारा, मागे निळं कापड. खेड्यापाड्यांत फोटो काढायला गेलं की धड भिंत मिळत नसे, म्हणून भाऊंच्या पत्नी शांताबाई मागे कापड धरून उभ्या राहायच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. कापडाच्या दोन्ही कडांना त्यांची बोटं दिसत होती. भाऊंनी पुढचा फोटो उघडला, मग त्याच्या पुढचा. प्रत्येकात तीच बोटं, हिरव्या बांगड्यांपर्यंत.

"किती डाव म्हटलं, ये पुढं, तुया काढतो," भाऊ म्हणाले. "म्हणे, मंग कापड कोण धरन?"

मी उठलो. घरी गेलो आणि आमचा इन्व्हर्टर उचलून आणला.

तिसऱ्या दिवशी भरती संपली. सगळे फोटो शाबूत होते. तोवर लाईट गेली की आमच्या घरचे पंखे बंद; पण बायकोला मी त्या बोटांचं सांगितलं होतं, तिनं इन्व्हर्टर परत मागितला नाही.