चार नंबरचं मशीन

जाधवकाकांनी पुतण्याच्या लग्नात आचाऱ्याला सांगितलं, "भात अपडेट करा, जिलबी होल्डवर ठेवा." आचारी बिचारा झारा हातात घेऊन उभाच राहिला. जिलबी वाढायची की नाही, हे त्याला पंगत उठेपर्यंत कळलं नाही.

काका वाशिंदच्या कारखान्यातून रिटायर झालेले. आमच्या सापगावात बुद्धविहाराला लागून अभ्यासिका आहे, तिथे दुपारची देखरेखीला मी बसते. कुणीतरी देऊन टाकलेले सहा जुने कॉम्प्युटर काकांनी घासूनपुसून चालू केले आणि त्यांत लिनक्स नावाची फुकटात मिळणारी सिस्टिम घातली. रविवारी वंदना आटोपली की काळ्या खिडकीत दोन ओळी टाइप करून ते एकेका मशीनमधली सगळी सॉफ्टवेअरं नवी करून घेतात. यादी सरकत जाते आणि काका हजेरी घेतल्यासारखे पुटपुटतात, "तू चल पुढं. तू पन चल. तुला काय झालं, का अडला?" मी हसले की म्हणतात, "हसू नको गो. मागं राहिला तर आजारी पडेल तो."

असा माणूस, पण चार नंबरच्या मशीनवरचं एक सॉफ्टवेअर मात्र त्यांनी होल्डवर टाकलेलं. म्हणजे बाकीची सगळी पुढे जाणार, हे आहे तिथेच राहणार. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ते. दर रविवारी शेवटी ओळ यायची, एक मागे ठेवलंय. मला मेलं असलं अर्धवट काम बघवत नाही. विचारलं तर काकांचं एकच, "त्याला हात लावू नको."

एका रविवारी काका वैशाखरे गावी साखरपुड्याला गेले आणि काम माझ्यावर सोपवलं. मी चार नंबरचा होल्ड काढला, सगळं नवं करून टाकलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

सोमवारी अभ्यासिका बंद असते. मी डबा विसरले होते म्हणून गेले, तर दार उघडं. चार नंबरसमोर काकू बसलेल्या, मागे काका उभे. काकू अंगणवाडीत शिकवायच्या; शुगरने त्यांची नजर गेली, तेव्हापासून त्या घराबाहेर पडत नाहीत असं आम्ही सगळे समजत होतो. त्यांनी चाचपून एक कळ दाबली. काही नाही. दुसरी दाबली, तर मशीन कुठल्यातरी अनोळखी आवाजात भराभर इंग्रजी बोलायला लागलं. काकूंनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

"माझंच कायतरी चुकलं असंल," त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काकू, तुमचं नाही, माझं चुकलं. मी बदललं ते."

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पेन ड्राइव्ह घेऊन बसले. त्यात जुनी आवृत्ती जपून ठेवलेली होती. ती परत घालताना हळू आवाजात म्हणाले, "कुठली कळ दाबली की पुढची ओळ, कुठली दाबली की मागची, आठ महिने लागले तिला बोटांनी पाठ करायला. नव्यात कळाच बदलल्यात."

"पण काका, तुम्हीच का नाही वाचून दाखवत?"

"दाखवायचो की. ती बोलली, तुमी वाचलं तर ते तुमचं वाचन. मला माझं वाचायचंय."

अर्ध्या तासाने मशीन जुन्या आवाजात बोललं. काकूंची बोटं कळांवरून फिरायला लागली. एक ओळ त्यांनी मागे जाऊन पुन्हा ऐकली आणि स्वतःशीच मान हलवली. काका मोठ्याने म्हणाले, "मी बाजारात जाऊन येतो गो," आणि चपला वाजवत बाहेर पडले.

मी डबा घेऊन निघाले, तर काका मागच्या खिडकीखाली भर उन्हात भिंतीला टेकून उभे. हातात रिकामी पिशवी.

"बाजार?" मी विचारलं.

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काय वाचलं ते घरी आल्यावर सांगत नाय ती. मंग मी इथूनच ऐकतो."