दिनकररावांनी जागा निवडली

“अण्णांच्या शिंगांपेक्षा हातभर लांब शिंगं ह्या भिंतीला न्हाई टांगली, तर नावाचा दिनकर न्हाई!”

शहाऐंशीच्या दसऱ्याला राणीसावरगावच्या दिनकररावांनी भरल्या बैठकीत मांडीवर थाप मारून हे जाहीर केलं, आणि स्वतःच दचकले.

अण्णा म्हणजे त्यांचे वडील, कैलासवासी दत्तराव. निजामाच्या काळात त्यांनी मारलेल्या काळविटाची पिळदार शिंगं बैठकीत टांगलेली होती. दिनकरराव पन्नाशीला आले, केस पिकले, पण गावाच्या लेखी ते अजून ‘दत्तरावांचं पोरगं’च! त्यात ताडकळसहून मेहुणे आलेले, माणिकराव. शिंगांकडं बघत ते सहज म्हणाले, “हे तर अण्णांनी मारलं. तुमी काय मारलं, दाजी?”

“डास!” आतून त्यांच्या बायकोचा, नर्मदाबाईंचा आवाज आला. “आन् तेबी रोज न्हाई!”

बैठक खो खो हसली. दिनकररावांना हसू आलं नाही. लहानपणी अण्णांनी बार काढला की ते कानात बोटं घालून उतरंडीमागं बसायचे. “ह्याच्या हातात बंदूक देण्यापेक्षा लाटणं द्या,” असं अण्णा चारचौघांत म्हणाले होते. तेव्हाही बैठक अशीच हसली होती. म्हणून आज ती शिंगांची प्रतिज्ञा तोंडातून निसटली. बंदुकीशी त्यांचा संबंध दसऱ्याला तेल पाजून हळदीकुंकू वाहण्यापुरता!

माणिकरावांच्या तोंडाला झाकण कधीच नव्हतं. दिवाळीपर्यंत पंचक्रोशीत झालं, दिनकरराव शिकारीला निघाले! दारात माणसांची रीघ लागली.

“मालक, आमच्या शिवारात चला! कळपच्या कळप हाय. ज्वारी शेंड्यापातूर खाल्ली!”

“आमच्याकडं या! डोळे झाकून बार काढला तरी एक पडतंय!”

माणिकराव तर ताडकळसला जेवणावळीची तयारी करून बसले. प्रत्येक गावाला दिनकरराव ‘बघू’ म्हणून टाळायचे. त्यांनी एक पळवाट काढून बघितली. “काळवीट मारायला बंदी हाय. सरकार आत टाकतंय.”

“टाकू द्या की,” नर्मदाबाई म्हणाल्या. “तिथंबी डास असतेत!”

मग एक दिवस मुंजाजी आला. माळाच्या पलीकडं त्याचं एवढंसं वावर. दरसाल तो आणि बायको झुंबरबाई ऊसतोडीला जायचे. यंदा हरभरा असा उगवला होता की दोघं पहिल्यांदाच घरी राहिले होते. तो शिकारीचं बोलायला आलाच नव्हता, त्याला फवारणीचा पंप पाहिजे होता. दिनकररावांनी आपलं सवयीनं विचारलं, “तुज्याकडं हरणं किती?”

“आमच्याकडं? एकबी न्हाई, मालक. पाणी न्हाई, आडोसा न्हाई. हरिण येऊन करंल काय?”

दिनकररावांचा चेहरा लग्नाच्या मांडवासारखा उजळला. हरिणच नाही! जायचं, चहा प्यायचा, रिकाम्या हातानं यायचं. दोष जागेचा!

“ठरलं!” ते ओरडले. “शिकार मुंजाजीच्या वावरात!”

मुंजाजी पंप विसरून बघत राहिला. माणिकराव मात्र विचारात पडले. एवढी हरणं सोडून दाजी मोकळ्या रानात कामून जायलाय? आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. “अरे बाबो! चारी शिवारांच्या मधोमध हाय की ते! चहूकडून हाकललं की हरिण जाईल कुठं? दाजी लय पोचलेला माणूस!” दाजींना चकित करायचं म्हणून हा बेत त्यांनी दाजी सोडून सगळ्या जगाला सांगितला!

पौषातली ती सकाळ कळकट होती. आभाळ आलेलं, वारा नाही, पाखरू नाही. दिनकरराव बांधावर बसून निवांत चहा ओतत होते. झुंबरबाई घाट्यांनी लगडलेला हरभरा दाखवत म्हणाली, “मालक, बेतानं चला. औंदा ह्याच्यावरच घर हाय.”

“मी हलतबी न्हाई इथून,” दिनकरराव म्हणाले, आणि ते अगदी खरं बोलत होते.

तेवढ्यात उत्तरेकडं हलगी वाजली. मग दक्षिणेकडं डबे. मग चारी बाजूंनी आरोळ्या! धूळ उठली, आणि त्या धुळीतून उड्यांवर उड्या घेत कळप आला. सगळ्यात पुढं काळंभोर नर! तो बरोबर दिनकररावांसमोर थांबला आणि पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा इकडंतिकडं बघू लागला. त्याच्या कुशी धपापत होत्या. शिंगं खरोखरच अण्णांच्या शिंगांपेक्षा हातभर लांब दिसत होती.

“घाला, दाजी!” माणिकराव लांबून ओरडले.

दिनकररावांनी बंदूक उचलली. काळवीट त्यांच्याकडं बघत होतं. त्याला त्यांच्याइतकीच भीती वाटत होती. हे त्यांना दिसलं. त्यांनी डोळे मिटले, नळी आभाळाकडं केली आणि चाप ओढला.

धडाम्!

बंदुकीच्या दस्त्याच्या धक्क्यानं त्यांना बांधावरून खाली फेकलं. गळ्याखालचं हाड कट्‌कन मोडलं. बिथरलेला कळप वावरात गरगर फिरला. त्याला अडवायला चार गावं धावली, हलगीसकट! “निघा! माज्या वावरातून निघा!” मुंजाजी ओरडत होता, पण त्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार? गलका थांबला तेव्हा हरभऱ्याचं वावर बाजार उठलेल्या मैदानासारखं सपाट झालं होतं.

आणि हरणं? ती गेलीच नाहीत. चारी शिवारांचा धसका घेऊन ती मुंजाजीच्या माळालाच धरून राहिली. बाकीची शिवारं मोकळी झाली!

“एक जीव न मारता हरणं हाकलली!” लोक म्हणू लागले. पुढच्याच आठवड्यात पारावर सत्कार ठरला. शाल, नारळ, माणिकरावांचं भाषण. दिनकरराव गळ्यात हात अडकवून मान खाली घालून बसले होते. गर्दीच्या कडेला मुंजाजी दिसला तसे ते उठून त्याच्याकडं गेले.

“मुंजाजी, तुजं लय नुकसान...”

“ते ऱ्हाऊ द्या, मालक. तेवढं एक सांगा. इतकी वावरं सोडून आमचंच कामून निवडलं?”

थोरपणाचं एखादं कारण आत्ता चाललं असतं. पण दिनकररावांना ते सुचलं नाही. “तिथं हरिण न्हाई म्हणून,” ते हळूच म्हणाले.

मुंजाजी हसला नाही, चिडलाही नाही. “मंग बराबर हाय,” तो म्हणाला. “न्हवतंच.”

रस्त्यावर उशिरा निघालेल्या टोळीचा ट्रक उभा होता. वर बोचक्यांवर झुंबरबाई कोयते घेऊन बसली होती. दिनकररावांनी हातातला सत्काराचा नारळ पुढं केला. मुंजाजीनं तो घेतला, पिशवीत टाकला आणि टायरवर पाय देऊन वर चढला. धूर सोडत ट्रक गंगाखेडच्या वाटेला लागला.

दिनकरराव बराच वेळ बघत राहिले. मागून माणिकरावांनी त्यांच्या खांद्यावर प्रेमानं थाप मारली. नेमकी मोडक्या!

“दाजी, आता आमच्या ताडकळसला रानडुकरं लय झालीत. हाकलायला जागा तेवढी तुमीच निवडा!”