दिसलं का मेलं

आमच्या शेजारचं घर पावसाळ्यात दिसत नाही. घर आहे, घरात माणूस आहे, सकाळी चहाचा वासही येतो. पण आभाळ भरून आलं की त्याच्या भिंती आभाळात मिसळून जातात आणि एखादा नवा पोस्टमन माझ्या दारात येऊन विचारतो, मुरलीभाऊंचं घर कुठी हाय? मी शिलाई मशीनवरून न उठता बोट दाखवते. तो बिचारा बोटाच्या दिशेने बघतो आणि पुन्हा माझ्याकडे बघतो.

मुरलीभाऊ हवाईदलात होते. आरमोरीच्या पुढे धानाच्या बांध्यांत आमचं गाव, तिथून विमानांपर्यंत पोचलेला हा एकच माणूस, म्हणून सगळे त्यांना पायलटभाऊ म्हणतात. "पायलट नाई, पेंटर," असं ते ज्याला त्याला सांगतात. लढाऊ विमानांचा जुना रंग खरवडायचा, गंज शोधायचा, नवा रंग द्यायचा, यात त्यांची सारी नोकरी सरली. स्वतः विमानातून ते एकदाही उडाले नाहीत. पण गावाला पायलट हवा होता. पेंटर काय, बैलबंड्यांच्या चाकांना रंग देणारा गावात होताच.

विमानाचा रंग दिसण्यासाठी नसून लपण्यासाठी असतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. खालून बघणाऱ्याला आभाळ वाटावं म्हणून पोट राखाडी. वरून बघणाऱ्याला जंगल वाटावं म्हणून पाठ हिरवी-मातकट. चमक तर नावाला नको. "दिसलं का मेलं," म्हणजे दिसलं की मेलंच, हे त्यांचं ब्रीदवाक्य. निवृत्त होऊन आले आणि हेच शास्त्र त्यांनी घराला लावलं. भिंती राखाडी, टिनाच्या छपरावर हिरवी-मातकट ठिगळं. आता वरून आमच्या गल्लीकडे कोण बघणार, तर वानरं. त्यांच्यासाठी छपराच्या कडेला सुबक अक्षरांत लिहिलं, 'येथे पाय ठेवू नये.' विमानाच्या पंखावर असं लिहितात म्हणे. वानरं नेमकी त्या अक्षरांवर बसून माझ्या परसातल्या वालाच्या शेंगा खातात.

एकदा त्यांनी माझ्या फाटकाला रंग द्यायचं आपण होऊन मनावर घेतलं. मी खूश. सकाळपासून दुपारपर्यंत ते नुसतं खरवडतच होते. जुन्या रंगावर नवा रंग चढवला की वजन वाढतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, भाऊ, हे फाटक काही उडणार नाही. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "उडो का न उडो, वजन वाढवू नये." फाटक राखाडी झालं. पाहुणे आजही त्याला धडकतात.

रोज सकाळी ते अंगणात वाकून, जमिनीकडे बघत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात. धावपट्टीवरचा एखादा खडा इंजिनात गेला तर विमान जातं, म्हणून तिथे असं चालायची पद्धत होती. इथे त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर आहे. माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा वाटलं, भाऊंचं काही हरवलं. त्याही कंबर धरून सोबत शोधू लागल्या. दोघं कितीतरी वेळ शोधत होते. शेवटी काय सापडायचं होतं, हे सासूबाईंनी विचारलं नाही आणि भाऊंनी सांगितलं नाही.

या माणसाशी संसार केला तो सुमनबाईंनी. त्यांना रंगांचा भारी सोस. त्यातही रानी रंग, तो झगझगीत गुलाबी, म्हणजे जीव की प्राण. त्यांची रानी रंगाची पोलकी मीच शिवून दिली. घराचं दार तरी रानी रंगाचं करा, असं त्या वर्षानुवर्षं मागे लागल्या होत्या. एकदा तर आरमोरीच्या बाजारातून स्वतःच डबा घेऊन आल्या. भाऊंनी तो खाटेखाली सारला आणि म्हणाले, दिसलं का मेलं. भाऊ स्वतः राखाडी शर्टात फिरत, त्यामुळे बाजाराच्या गर्दीत ते हटकून हरवायचे. सुमनबाई बांगड्यांच्या दुकानापाशी उभ्या राहून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "लोकाइले नका दिसू बाप्पा, पन मले तरी दिसत जा." आम्ही बाया हसून बेजार व्हायचो.

सुमनबाई गेल्या. मग भाऊंना उरलं ते विमान.

आमच्या शाळेच्या मैदानात, चबुतऱ्यावर, हवाईदलाने निवृत्त केलेलं एक लढाऊ विमान उभं आहे. भाऊ रोज तिथे जातात. पाणी निघून जायची भोकं काडीने मोकळी करतात, इंजिनाच्या तोंडात मैनेने घरटं घातलं तर पिल्लं उडेपर्यंत थांबून मग साफ करतात. रंगाचा पोपडा निघाला की तेवढाच तुकडा घासून राखाडी करतात. कधी त्याला टेकून उभे असतात, तेव्हा विमान कुठे संपलं आणि भाऊ कुठे सुरू झाले हे कळत नाही.

याच मैदानात आमचा पोळा भरतो. यंदा ग्रामसभेत ठरलं की पोळ्याला बैलांसोबत विमानही नटवायचं. चकचकीत चांदीचा रंग, पंखांवर फुलं, म्हणजे फोटो चांगले येतील. भाऊंनी रंग दिला तर ठीक, नाहीतर बंड्यांचा पेंटर होताच. भाऊ उभे राहिले. सभेत ते कधी बोलत नाहीत, म्हणून सगळे गप्प झाले. त्यांनी पोट, पाठ, आभाळ, जंगल सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाले, दिसलं का मेलं.

सरपंचबाई वाईट नाही. तिने मायेनेच विचारलं, "पन भाऊ, इथी त्याले कोन मारून राह्यलं?"

सभा हसली. मीही हसले. भाऊ सावकाश खाली बसले. त्यानंतर ते घराबाहेर दिसेनात, म्हणजे एरवी दिसत नसत त्याहूनही दिसेनात.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावात बैलांची खांदशेकणी असते. जुवाने वर्षभर घासलेल्या खांद्यांना कोमट तेल-हळद चोळायची आणि बैलांना जेवणाचं आवतन द्यायचं. मी भाऊंसाठी वडे घेऊन गेले तर घराला कुलूप. मैदानात शोधायला गेले. भाऊ शिडीवर चढून, विमानाचा पंख जिथे अंगाला जोडलेला असतो तिथे, वाटीतलं तेल-हळद चोळत होते.

"विमान का बैल हाय, भाऊ?" मी विचारलं.

"ओझं तं वाह्यलं नं यानं," ते म्हणाले. मग दुसऱ्या पंखालाही चोळलं, हात जोडले आणि माझ्यासमोर न लाजता म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

खाली उतरून ते चबुतऱ्यावर बसले. वड्याला हात लावला नाही. मग म्हणाले, "सरपंचबाई खरं बोलली. इथी कोनी मारत नाई. सुमन हेच म्हने. जलमभर लपतच राह्यलो, तिच्यापासून बी." मी वड्यांचं ताट त्यांच्याकडे सरकवलं.

पोळ्याला सगळा गाव मैदानात जमला. विमान तसंच राखाडी होतं. फक्त नाकाचं टोक, बैलाचं शिंग रंगवावं तसं, रानी रंगाने रंगवलेलं होतं. खाटेखालचा डबा निघाला होता. वर आलेली साय काढून, सुमनबाईंच्या लुगड्याच्या फडक्यातून रंग गाळून घेतला, असं भाऊंनी मला हळूच सांगितलं. लोकांनी त्या नाकासमोर उभं राहून भरपूर फोटो काढले. सकाळी द्यायच्या चांदीच्या रंगाची आणि पंखांवरच्या फुलांची आठवण कोणालाच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या पाडव्याला, टिनावर खरवडल्याचा आवाज आला. मला वाटलं वानरं. काठी घेऊन बाहेर आले तर भाऊ छपरावर होते. हिरवं-मातकट खरवडून काढलं होतं, कारण वजन वाढवायचं नव्हतं, आणि उरलेला रानी रंग लावत होते. मी शिडी धरली आणि विचारलं, सुमनबाईंना तर दार रंगवायचं होतं, मग वर काऊन?

"दार खालच्याइले दिसते," ते म्हणाले. "सुमन आता खाली कुठी हाय?"

मी शिडी घट्ट धरून उभी राहिले. डबा संपल्यावर वरून त्यांचा आवाज आला, "दिसते का?"

खालून मला छपराची नुसती कड दिसत होती.

"दिसते, भाऊ," मी म्हणाले. "लय दुरून दिसते."