एस.टी.ची खोली

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला, आणि तोही सिव्हिलला. तिथं आकडे आणि रेघा यांच्यापलीकडे फारसं काही लिहावं लागत नाही. तेव्हा एका जिवंत माणसाबद्दल, त्याला न विचारता लिहायला बसलोय, याची आधीच माफी मागतो. वाचणाऱ्यांची मागता येते. ज्याची मागायला हवी त्याच्यासमोर तोंड उघडत नाही, म्हणून तर हे लिहितोय.

आमचे सखारामतात्या कुणाच्याही नव्या घरात गेले की जमिनीवर आडवे होतात.

घोडेगावला एका पाहुण्यांची वास्तुशांत होती. तात्या देवाच्या पाया पडले, प्रसाद खाल्ला, आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन नव्या टाइल्सवर उताणे झाले. घरच्या बाईंना वाटलं, उन्हानं चक्कर आली. त्यांनी तांब्याभर पाणी तोंडावर मारलं. तात्या भिजल्या मिशांनी उठून बसले आणि शांतपणे म्हणाले, "खोली ब्येस हाय. पन कपाट आलं की पाय लांब व्हनार न्हाई." पुढं दोन वर्षं त्या पाहुण्यांनी आम्हाला कशालाही बोलावलं नाही. तात्यांचं मत असं की त्यांनी कपाट आणलं असणार आणि आता तोंड दाखवायला लाजत असणार.

"पाय लांब झालं पायजे" हे तात्यांचं घर पारखायचं एकमेव माप. टेपवर त्यांचा विश्वास नाही. टेप झोपत नाही, म्हणतात.

ते बाबांचे थोरले चुलतभाऊ. उंची सहा फुटांच्या वर. लग्न झालं होतं. बायको पहिल्याच दिवाळीला माहेरी गेली ती परत आली नाही. त्यावर ते बोलत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. सगळी उमर गवंड्याच्या हाताखाली गेली. ओझरच्या लॉजांपासून जुन्नरच्या बंगल्यांपर्यंत कुठली वाळू आपण चाळली, हे ते बोट दाखवून सांगतात. आमच्या पत्र्याच्या घरात त्यांची खाट पडवीत असायची. खाट आखूड, त्यामुळे पोटऱ्या बाहेर लोंबायच्या. पावसाचे शिंतोडे येत म्हणून ते पायांना खताची रिकामी गोणी गुंडाळून झोपायचे.

गेल्या वर्षी बाबांनी येडगावच्या रस्त्याला पक्कं घर बांधायचं ठरवलं. प्लॅन मी काढणार हे कुणी न सांगताच ठरलं. तात्या तर मला प्रवेश मिळाल्यापासून नावानं हाक मारतच नव्हते. "आमचा इंजनेर" म्हणायचे.

मी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर प्लॅन केला. हॉल, किचन, दोन बेडरूम, त्यातली माझी अटॅच्ड बाथरूमची. पुण्यात एका मित्राच्या घरी तसं पाहिलं होतं आणि तो कधीतरी आमच्याकडे येईल याची मला भीती होती. पडवी मी काढूनच टाकली. पडवी गेल्यावर तात्या कुठं झोपणार, हे माझ्या लक्षातच आलं नाही असं मला म्हणता आलं असतं. पण आलं होतं. आईनं विचारलंही होतं, "भावजींचं काय रे?" मी म्हणालो, हॉल मोठा आहे.

खरं सांगायचं तर त्यांची तंबाखू, त्यांचा खोकला आणि ती गोणी मला नव्या घरात नको होती.

प्लॅनची प्रिंट घेऊन आलो तेव्हा तात्यांनी ती हातात धरली, उलटी-सुलटी केली आणि चुलीतली राख घमेल्यात भरून मोकळ्या जागेवर निघाले. मी वाचून दाखवलेल्या मापानं त्यांनी राखेच्या रेघांनी सगळं घर खऱ्या आकारात जमिनीवर उमटवलं. मग आम्हा सगळ्यांना दिवसभर त्यात राहायला लावलं. आईनं राखेच्या ओट्यासमोर उभं राहून नसलेली भाकरी थापायची. बाबांनी नसलेल्या दारातून घोंगडं झटकत यायचं. मी चुकून रेघ ओलांडली की तात्या कळवळून म्हणायचे, "भित्ताड हाय तितं, डोकं फुटंल." शेजारचा एक जण रस्त्यात गाडी थांबवून विचारायला लागला, नाटक बसवताय का राव? तात्या म्हणाले, "आत ये की. पन दारातनं ये."

मग ते प्रत्येक खोलीत आडवे होऊन पाय लांब करू लागले. माझ्या खोलीत तर त्यांनी टेबलाच्या रेघेपाशी खुर्ची आणून ठेवली, तिच्यावर बसले, उठले, परत बसले आणि काहीतरी पुटपुटले. मी लक्ष दिलं नाही.

शेवटी ते माझ्या खोलीला लागून असलेल्या सात बाय पाचच्या चौकोनात आले. त्यांना वाचता येत नाही. इंग्रजीतली दोनच अक्षरं त्यांना ओळखता येतात, कारण ती जन्मभर लाल गाडीवर पाहिली. कागदावर त्या चौकोनात जागा कमी होती म्हणून मी स्टोअर रूमची नुसती पहिली दोन अक्षरं टाकली होती.

"हितं यस्टी का लिवलंय?" तात्यांनी कागदावर बोट ठेवून विचारलं. "गाडी लावायची व्हय घरात?"

आई हसली, बाबा हसले. मग आई हसायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.  मी म्हणालो, "एस म्हणजे सखाराम. टी म्हणजे तात्या. तुमची खोली आहे ती."

 तात्यांनी चप्पल काढली, रेघ न मोडता दाराच्या जागेतून आत गेले, आणि सातफुटी बाजूला आडवे झाले. पाय लांब झाले. बराच वेळ तसेच पडून होते.

पुढचा आठवडा मला आठवला की अजून कानकोंडं व्हायला होतं. चतुर्थीला ओझरला जाऊन त्यांनी विघ्नहराला नारळ फोडला. बाजारात ओळखीच्याला थांबवून सांगायचे, "इंजनेरानं माजं नाव इंग्लिशमदी घातलंय." समोरून एस.टी. गेली तरी खुशाल हात करायचे. खरं सांगून टाकावं असं मला रोज वाटायचं. रोज राहून जायचं.

पाया आखायला मिस्त्री आला तेव्हा मी सुट्टीला गावी होतो. तात्यांनी त्याला उत्साहानं प्लॅन समजावून दिला आणि त्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, हितली खिडकी जरा खाली घ्या. मिस्त्री म्हणाला, "स्टोरला खिडकी कशाला, तात्या? एस.टी. म्हणजे स्टोर. गोण्या ठेवायची जागा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये पाहिलं.

"व्हय व्हय, स्टोर," तात्या म्हणाले. "इंजनेर मला बोललं व्हतं. मीच इसारलो." आणि खुंट्या ठोकायला ते वाकले. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघून आलो. जाताना तात्यांना सांगितलंसुद्धा नाही.

त्यानंतर सहा महिने मी परीक्षेचं, प्रोजेक्टचं, काहीही कारण काढून गावी गेलो नाही. फोनवर तात्यांबद्दल विचारलं नाही. आईही आपणहून काही बोलली नाही.

काल तिचा फोन आला. घराला स्लॅब पडून आता आतला गिलावा चाललाय. मिस्त्री चक्रावलाय, म्हणाली. माझ्या खोलीत टेबलाच्या बाजूला प्लॅनपेक्षा दोन फूट जास्त भरतायत आणि स्टोअर पाच बाय पाचचं झालंय. मी म्हणालो, मिस्त्रीनं दोरी चुकीची धरली असेल.

 आई म्हणाली, मिस्त्रीची चूक नाही. तू गेलास त्या दुपारी, मिस्त्री जेवायला गेल्यावर, भावजींनीच खुंट्या सरकवल्या. आज मिस्त्री भांडायला लागला तेव्हा कबूल केलं. टेबल बसत होतं म्हणे, पण तुझी खुर्ची मागं सरकत नव्हती.

मी विचारलं, मग ते त्या खोलीत झोपणार कसे? पाच फुटांत?

"मी पण तेच म्हटलं त्यांना," आई म्हणाली. "तर हसले. म्हणाले, स्टोर हाय ते. गोण्यांना कुठं पाय लांब करायचं असत्यात?"