साठ पत्ते

डोळ्यांच्या इस्पितळात सकाळी नऊ वाजता नोंदणीच्या सातही पडद्यांवर एकच ओळ उमटली, ‘नेटवर्कचा पत्ता मिळाला नाही.’ बाहेर दालनात चाळीसेक माणसं बसली होती. त्यांतल्या चौदा जणांना बाहेरगावचे सर्जन तपासणार होते. ते साडेबाराला निघणार आणि पुन्हा दोन महिन्यांनी येणार. नोंदणीशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही, असा नियम होता.

संगणक सांभाळणाऱ्या बाई धावत आल्या. नोकरी पक्की व्हायला त्यांचे अजून पंधरा दिवस बाकी होते.

“बिघडलं काय?” हेडक्लार्कनं विचारलं.

“या संगणकाच्या डब्यांच्या पोटात स्वतःचं काहीच नसतं. रोज सकाळी चालू झाले की सर्व्हरला विचारतात, माझा पत्ता काय?”

“म्हणजे रोज विसरतात?”

“रोज.”

“आमचे सासरे तसेच आहेत,” हेडक्लार्क गंभीरपणे म्हणाला. “पण त्यांच्यावर चिडून चालत नाही.”

बाईंनी वायरी काढून पुन्हा खोचल्या. डबे बंद करून चालू केले. तीच ओळ. शेवटी धीर करून त्यांनी तीन नंबरच्या डब्याला आपल्या हातानं एक पत्ता देऊन टाकला. डबा सुरू झाला. हेडक्लार्कनं टाळी वाजवायला हात उचलले, तेवढ्यात औषधांच्या खिडकीवरून ओरड आली. तो पत्ता तिथल्या प्रिंटरचा होता. प्रिंटर मुका झाला आणि एका रांगेच्या दोन रांगा झाल्या.

बाईंनी दिलेला पत्ता काढून घेतला. कपाळावरचा घाम पुसून त्या सर्व्हरसमोर बसल्या आणि वाटलेल्या पत्त्यांची यादी उघडली. एकूण पत्ते साठ. शिल्लक एकही नाही. कुणी घेतले ते पुढे लिहिलेलं होतं : ‘पप्पांचा फोन’, ‘छोटी’, ‘नवा फोन’, ‘हात लावू नये’.

“साहेब, आपल्या वायफायचा पासवर्ड बाहेर कुणी सांगितला?”

हेडक्लार्कनं समोरचे कागद उगाच सारखे केले.

“साहेब?”

“सांगितला नाही. पाण्याच्या टाकीवर चिकटवलाय,” तो म्हणाला. “लोक तीन-तीन तास बसतात हो. रोज माझ्या अंगावर धावून यायचे. आठवडा झाला, कुणी चकार शब्द काढलाय का बघा.”

बाईंनी दालनात पाहिलं. खरंच, चाळीस माना खाली होत्या. रागवावं असं त्यांना वाटलं, पण जमेना.

“कालचे लोक घरी गेले तरी त्यांचे पत्ते त्यांच्याच नावावर अडकून पडलेत. मला सगळे सोडवायला लागतील. वायफायही बंद करावं लागेल.”

“सगळं?”

“साडेदहा झालेत, साहेब.”

हेडक्लार्कनं डोळे मिटून मान डोलावली. बाईंनी बटण दाबलं. एक, दोन, पाच... सातही डबे जागे झाले. बाईंचा श्वास मोकळा झाला, आणि त्याच क्षणी दालनातल्या एक सोडून साऱ्या माना वर झाल्या. इतका वेळ कुठे गेला, पंखा कधी बंद पडला, पोरगं कुठे आहे, असे सगळे प्रश्न एकदम खिडकीवर येऊन आदळले. हेडक्लार्क उत्तरं देत गेला, बाई शेजारी बसून नावं भरत गेल्या. अकरा चाळीसला चौदावा नंबर पुकारला.

“बाबा, आपला नंबर!” एक सूनबाई उठल्या. सिनेमा आधीच उतरवून घेतल्यानं त्यांची मान खालीच राहिली होती; सकाळपासून एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात सासऱ्यांचा हात. त्यांनी शेजारी पाहिलं. हात भलत्याच म्हाताऱ्याचा होता.

“तुम्ही... तुम्ही कोण?”

“मी निवृत्त शिक्षक,” म्हातारा अदबीनं म्हणाला. “एकटाच आलोय. फारसं दिसत नाही मला. मघाशी तुम्ही हात धरलात, मला वाटलं इथली तशी सोयच असेल.”

“अहो, मग माझे सासरे?”

“ते होय? ते चहा प्यायला गेले. म्हणाले, सून कामात आहे, तिला उठवू नका. आणि चौदा नंबर माझाच आहे, त्यांचा सोळा. आत कुठून जायचं, तेवढं मात्र कळलं नाही मला.”

सूनबाईंनी फोन पिशवीत टाकला आणि त्याला आत घेऊन गेल्या.